सगळंच रक्त मूळव्याधीचं नसतं

मैत्रिणींनो, आज जरा अवघड विषय आहे. चहा घेता घेता वाचत असाल तर कप बाजूला ठेवा.

गेल्या वर्षी मला शौचाच्या वेळी रक्त दिसलं. मूळव्याध असेल, असं मीच ठरवलं. मेडिकलमधून मलम आणलं, तिखट बंद केलं आणि चार महिने कुणाला कळू दिलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही! शेवटी सुट्टीला आलेल्या बहिणीने मला ओढतच जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टर म्हणाले, कोलोनोस्कोपी करू. म्हणजे गुदद्वारातून लवचीक नळीची दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. ऐकूनच घाम फुटला.

खरं सांगू? वाईट असते ती आदली रात्र. जेवण बंद आणि औषधाची पूड घातलेलं दोन लिटर खारट पाणी संपवायचं. मग रात्रभर फेऱ्या! पण आतडं स्वच्छ नसेल तर बारीकसारीक काही दिसतच नाही, तेव्हा इथे कंटाळा नको. सकाळी अंगावर चादर, शिरेतून गुंगीचं इंजेक्शन. जाग आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आत दोन पॉलिप निघाले. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसाचा कोंब. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून दोन्ही काढले. पोटावर एक टाका नाही. क्वचित कुणाला नंतर रक्तस्राव होतो किंवा आतड्याला इजा होते, म्हणून आधी सही घेतात. माझ्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता, पण कोंबाची जात पुढे बिघडू शकणारी होती. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांनाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. एवढा वेळ हातात असतो आणि आपण तो लाजण्यात घालवतो.

अमेरिकेत केटी कुरिक या टीव्ही निवेदिकेचा नवरा १९९८ मध्ये आतड्याच्या कॅन्सरने गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. तिने २००० मध्ये स्वतःची कोलोनोस्कोपी चक्क टीव्हीवर दाखवली. मला मात्र सख्ख्या बहिणीला सांगायला जड गेलं.

आपल्याकडे सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते. आतड्यासाठी कुणी बोलवायला येणार नाही. रक्त दिसलं, शौचाची सवय बदलली, वजन उगाच उतरलं किंवा हिमोग्लोबिन सारखं कमी येतंय, तर मलम लावून गप्प बसू नका. आईवडील, भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसला तरी डॉक्टरांना विचारा.

मला तीन वर्षांनी पुन्हा बोलावलंय. ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी ते खारट पाणी कालवायचं काम तुमचं.