दुबईची रोषणाई अन् सिहोऱ्याची पोरं

सिहोऱ्याच्या चौकात संध्याकाळी बसलेल्या पोरांच्या मोबाईलवर काय दिसतं? ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा, त्यासमोरचं नाचतं कारंजं, २०२२ मध्ये उघडलेलं म्युझियम ऑफ द फ्युचर. मग प्रश्न येतोच, "भाई, तिकडे काम मिळेल का?"

मिळू शकतं. फक्त तेलावर विसंबून न राहता दुबईने पर्यटन वाढवलं. २०२४ मध्ये तिथे सुमारे १ कोटी ८७ लाख पाहुणे मुक्कामी आले. त्यांना जेवू घालायला, खोल्या झाडायला, टॅक्सी चालवायला माणसं लागतात, आणि त्यात आपल्याकडचेही पुष्कळ असतात.

खरी मेख पुढे आहे. फिरायला जाणाऱ्याचा व्हिसा लवकर मिळतो. म्हणून काही एजंट म्हणतात, "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, मग बघू." पण त्या व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला तर पोरगं तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

म्हणून आम्ही घरच्यांना सांगतो : अम्मीचे दागिने गहाण ठेवण्याआधी एजंटची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोकरीचा करार हातात घ्या, वाचून घ्या. दहावी न झालेल्यांना अमिरातीत नोकरीसाठी सरकारी मंजुरीही लागते.

आणि हो, आपल्या तालुक्यातही चांदपूरचा तलाव आहे, राजा खान पठाणाने बांधलेला अंबागड आहे. पाहुणा आला की रोजगार येतो, हे दुबईकडून आपणही शिकायला हवं.