शोकांतिका, साधना आणि वस्तादाचा पगार

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका सत्कार समारंभाला आम्ही दोघे उपस्थित होतो. आम्हां दोघांपैकी एक नांदेडला मराठी शिकवतो, दुसरा लातूरला. सत्कारमूर्तींमध्ये सत्तरीकडे झुकलेले एक मल्ल होते. प्रमुख वक्ते मराठीचेच प्राध्यापक, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. त्यांनी या मल्लाचे जीवन ही 'मराठवाड्याच्या मातीची शोकांतिका' असल्याचे सांगितले. त्यांच्यानंतर बोलावयास उठलेल्या अध्यक्षांनी त्याच जीवनाला 'अखंड साधना' म्हटले. शाल पांघरण्यात आली, श्रीफळ हाती देण्यात आले, टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी ते गृहस्थ आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मी आणखीन मेलेलो नाही की. पहाटे पाचला बावीस लेकरं येतेत तालमीत."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहावा लागला. शोकांतिका आणि साधना ही मराठी अभिजनांनी निवृत्त खेळाडूसाठी राखून ठेवलेली दोनच विशेषणे आहेत. वरवर पाहता ती परस्परविरोधी वाटतात. आमच्या मते दोन्ही एकच काम करतात : बावीस मुलांना पहाटे पाच वाजता शिकविणाऱ्या माणसाला 'शिक्षक' म्हणण्याची आणि पर्यायाने त्याच्या कामाचा मोबदला मोजण्याची आपली जबाबदारी ती टाळतात. शोकांतिकेचा नायक संपलेला असतो, त्यामुळे त्याला काही द्यावयाचे उरत नाही. साधकाला काही नकोच असते, त्यामुळे त्यालाही काही द्यावे लागत नाही.

आता हे कोणत्या प्रदेशात घडते ते पाहा. 'लातूर पॅटर्न' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून मुले लातूरला येतात, नांदेडही त्या वाटेवर फार मागे नाही. शिकवणीवर्ग, वसतिगृहे, खाणावळी, अभ्यासिका असे आमच्या दोन्ही शहरांचे अर्थकारणच शिकविण्यावर उभे आहे. अध्यापनाला एवढा भाव असलेला दुसरा मुलूख महाराष्ट्रात शोधावा लागेल. आणि नेमक्या याच मुलखात वस्तादाचे शिकविणे मात्र मोबदल्यावाचून चालते. शिकवणीचालकाने फी घेतली तर तो व्यवसाय, आम्ही सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगार घेतला तर तो हक्क आणि वस्तादाने महिना शंभर रुपये मागितले तर मात्र परंपरेला डाग! ही विभागणी कोणी केली?

उदाहरण घरातलेच घेऊ. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९चे महाराष्ट्र केसरी, १९७०च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदकाचे मानकरी, रुस्तुम-ए-हिंद. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपालला हरविले, त्या कुस्तीच्या कथा आमच्या लहानपणी पारावर सांगितल्या जात. या माणसाचे चरित्र आपण जेथे कोठे वाचतो, तेथे ते बहुधा याच सुमारास थांबते. पुढे एखाद्या ओळीत 'नंतर त्यांनी अनेक मल्ल घडविले' असे म्हटले जाते आणि विषय संपतो.

खरे पाहता विषय तेथे सुरू होतो. कुस्ती थांबल्यानंतर बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिकविण्यास आरंभ केला. सारे त्यांना 'मामा' म्हणत. त्यांच्या हाताखाली लातूरजवळच्या साई गावचे काका पवार तयार झाले. ग्रीको-रोमन पद्धतीच्या कुस्तीत नाव मिळवून ते १९९८चे अर्जुन पुरस्कार विजेते ठरले आणि कालांतराने स्वतः वस्ताद झाले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात मामांकडे आला. १४ सप्टेंबर २०११ रोजी मामांचे निधन झाले. त्यानंतर राहुल काका पवारांकडे शिकला. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले, तर २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. एडिंबरो ते गोल्ड कोस्ट हे अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर तीन पिढ्यांच्या शिकविण्याने जोडलेले आहे. एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी अशा उंचीवर पोहोचला असता तर आपण त्या घराण्याला 'स्कूल' म्हणून परिसंवाद भरविले असते. येथे मात्र एका ओळीत भागते.

या कथेत आमच्या प्रदेशाला लागणारी आणखी एक बोच आहे. मुदगडचा मुलगा कुस्ती शिकण्यासाठी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेला आणि कुस्ती शिकविण्यासाठी पुण्यात राहिला. साईचा मुलगाही पुण्यातच वस्ताद झाला. मल्ल पिकवायचे मराठवाड्याने आणि वस्ताद नांदवायचे पुण्याने, असा हा शिरस्ता आहे. ज्या लातूरला राज्यभरातून मुले शिकावयास येतात, त्या लातूरला आपले दोन सर्वोत्तम शिक्षक आपल्याजवळ ठेवता आले नाहीत. मराठवाड्याच्या अनुशेषाची आकडेवारी आपण तोंडपाठ म्हणतो. हा अनुशेष मात्र कोणत्याही तक्त्यात आलेला नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप परंपरेचा : तालमीत विद्या विकली जात नाही, वस्ताद स्वतःच पैसे घेत नाहीत, मग तुम्ही हा बाजार कशाला आणता? आम्ही नम्रपणे असे सुचवितो की, परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी परंपरा नीट वाचलेली नाही. ज्या कोल्हापूरचा दाखला दिला जातो, तेथे शाहू महाराजांचा राजाश्रय होता, खासबागेचे मैदान १९१२ साली त्यांनीच उभे केले. मल्लांच्या खुराकाची आणि निवाऱ्याची काळजी संस्थान वाहत होते. म्हणजे वस्ताद फुकट शिकवीत नव्हता, त्याचा मोबदला दुसऱ्या दाराने येत होता. संस्थान गेले, ते दार बंद झाले आणि उरला केवळ 'विद्या विकू नये' हा सुविचार. निजामाच्या राजवटीखालील आमच्या मुलखाला तर असा करवीरचा आश्रय मुळातच नव्हता. माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, गावोगावचे उरूस आणि तेथील फड एवढ्यावरच आमच्या मल्लांची गुजराण. फडात इनाम मिळते ते लढणाऱ्याला. त्याला डाव शिकविणारा हलगीच्या आवाजात कडेला उभा असतो.

दुसरा आक्षेप शासकीय आहे. खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला, ज्येष्ठ मल्लांचे मानधन वाढविण्याची घोषणाही २०२३च्या जानेवारीत झाली, मग तक्रार कसली? या गोष्टी चांगल्याच आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ही सारी पदकाची किंमत आहे. पदक न मिळालेल्या परंतु डाव पुरता जाणणाऱ्या माणसाला या व्यवस्थेत जागा नाही आणि उत्तम शिकविणारे अनेकदा याच वर्गातले असतात. मानधन हा शब्दही तपासून पाहावा. त्यात 'मान' आधी येतो, 'धन' नंतर, आणि केलेल्या कामाशी त्याचा संबंध नसतो. बावीस मुले शिकविणारा आणि एकही न शिकविणारा यांत मानधन भेद करीत नाही.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत हेच घडले. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते ठरले. त्यांना पाठविण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. १९५५ साली ते पोलीस उपनिरीक्षक झाले, १९८४ साली अपघातात गेले, २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पोलीस खात्यातील त्यांच्या पाव शतकाहून अधिक काळाविषयी आपणांस काय ठाऊक आहे? त्या खात्याने त्यांच्या कुस्तीविद्येचा कितपत उपयोग करून घेतला, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. हळहळ व्यक्त करण्यात आपण इतके गुंतलो की चौकशी करावयाची राहून गेली.

इंग्लंडातील व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तेथेही खेळाडूंची स्थिती फार काळ सुखाची नव्हती. १९६१पर्यंत त्यांच्या वेतनावर कमाल मर्यादा होती, ती आठवड्याला वीस पौंडांवर येऊन थांबली होती. प्रेस्टनचा टॉम फिनी हा थोर खेळाडू खेळाच्या जोडीने नळजोडणीचा धंदा करीत असे. १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील रे विल्सन पुढे अंत्यविधीची व्यवस्था करण्याच्या व्यवसायात शिरला. आपल्याकडे याच्या दोन शोकांतिका झाल्या असत्या. तेथील चाहते मात्र या गोष्टी साध्या कुतूहलाने नोंदवून ठेवतात : अमुक क्लबचा अमुक खेळाडू नंतर कोठे गेला, काय करू लागला. खेळणे हे काम आहे, हे तेथे फार पूर्वी मान्य झाले. खेळाडूंची संघटना १९०७ सालीच स्थापन झाली होती. एव्हर्टन क्लबच्या जुन्या खेळाडूंच्या आजारपणासाठी १९९९ साली स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले. २००२ साली जेफ ॲस्टल हा माजी फुटबॉलपटू वारला, तेव्हा मृत्यूच्या चौकशीअंती कारण नोंदविले गेले ते 'व्यवसायजन्य आजार', कारण आयुष्यभर डोक्याने चेंडू मारून मेंदूला इजा झाली होती. आमच्या मल्लांचे मोडलेले कान आणि झिजलेले गुडघे आपण कौतुकाने छायाचित्रात टिपतो. त्यांना कोणी व्यवसायजन्य म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथे साहित्याकडे वळणे भाग आहे, कारण शब्द पुरविण्याचे काम आपले आहे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर गावाला हाताशी धरून तालीम बांधतो, हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. शाळेचा मास्तर तालीम बांधतो, यातील प्रतीक उलगडून सांगताना आम्ही रंगून जात असू. पण त्या तालमीत मुलांना शिकविणार कोण आणि त्याच्या घरची चूल कशावर पेटणार, हे एकाही तासाला आम्हांला सुचले नाही. कादंबरीचा तो विषय नाही, हे खरे. परंतु आमचा तो विषय असावयास हवा होता. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपण शेतकरी, बलुतेदार, शेतमजूर यांच्या श्रमाची मांडणी केली, ती योग्यच होती. मल्ल मात्र 'रग', 'मस्ती', 'नाद' आणि 'लाल माती' यांतच अडकून राहिला. त्याच्या श्रमाला आपल्या समीक्षेत संज्ञाच नाही.

दोष इतरांना देऊन आम्ही सुटू इच्छित नाही. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात एक मल्ल विद्यार्थी होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याने मिळविलेल्या पदकाचे छायाचित्र आम्ही नॅकच्या अहवालात छापले, त्याच्या गैरहजेरीकडे दुर्लक्ष केले आणि याला आम्ही खेळाडूवरील प्रेम समजत होतो. तो वर्गात काय शिकला, याची चौकशी आम्ही केली नाही. आज तो दिवसा दूध घालतो आणि सकाळ-संध्याकाळ गावच्या तालमीत तीस मुलांना शिकवितो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने कर्ज काढले आहे. आमच्याच सहकाऱ्यांनी तासिका तत्त्वावरील नेमणुकांविरुद्ध मोर्चे काढले, त्यांत आम्हीही चाललो आहोत. शिकविणाऱ्याला तासावर राबविणे हे शोषण आहे, ही आमची घोषणा होती. ज्याला तासाचेही मिळत नाही, तो त्या मोर्चात कोठे होता? त्याला बोलवावे, हे आमच्या मनातही आले नाही.

आमची मागणी फार मोठी नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक महाविद्यालयाने परिसरातील एका तालमीच्या वस्तादाला मानद पाहुणा म्हणून न बोलाविता प्रशिक्षक म्हणून नेमावे, हजेरीपटावर त्याचे नाव असावे आणि दरमहा त्याच्या खात्यात वेतन जमा व्हावे. अर्हतेचा प्रश्न निघेलच. राहुल आवारेच्या दोन्ही गुरूंनी पात्रता परीक्षा देऊन शिकविण्यास आरंभ केला नव्हता, एवढेच आम्ही म्हणू.

दुसरी मागणी आपणांकडे, म्हणजे मराठीच्या विद्यार्थ्यांकडे आणि शिक्षकांकडे आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी त्याच त्या दहा कादंबऱ्या पुन्हा चाळण्याऐवजी एखाद्याने आपल्या गावच्या वस्तादाकडे वही घेऊन जावे. शेवटची कुस्ती कोठे झाली हे जरूर विचारावे, पण तेथे थांबू नये. दुसऱ्या दिवशी काय केले, पोट कशावर भरले, पहिला विद्यार्थी कोण, कोणता डाव कोणाकडून मिळाला आणि कोणाला दिला, गुडघा कधी गेला, औषधाला पैसे कोणी दिले, हे विचारावे. उत्तरे त्याच्या बोलीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि प्रस्तावनेत 'शोकांतिका' व 'साधना' हे दोन शब्द वापरू नयेत. एवढे पथ्य पाळले तरी लिहिणे बरेच अवघड होईल. ते व्हावे, अशीच आमची इच्छा आहे.

त्या सत्कारमूर्तींच्या तालमीत जाण्याचे आम्ही त्या दिवशी कबूल केले होते. पहाटे पाचला उठणे आम्हांला अद्याप जमलेले नाही.