कार्ड कोणत्या राज्याचं?

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली. ते मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, औराद, भालकी, बसवकल्याण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. गुलबर्ग्याचं आळंदही तिकडेच गेलं. सोयरिकीनं आणि बाजारानं ही हद्द कधी मानली नाही, आजारानंही नाही. भालकीकडचा रुग्ण उदगीर-लातूर गाठतो, आळंदचा सोलापूर. अडतं ते बिलाच्या खिडकीपाशी, कार्ड दुसऱ्या राज्याचं निघतं तेव्हा.

हद्दीनं जगण्यामरण्यात किती फरक पडतो, हे कर्नाटकातच मोजलं गेलं आहे. २०१० मध्ये तिथे वाजपेयी आरोग्यश्री योजना आली, ती आधी गुलबर्गा विभागात आणि मग बेळगाव विभागात. बीपीएल कार्ड असेल तर हृदयविकार, कर्करोग यांसारख्या मोठ्या आजारांवर मोफत उपचार. दक्षिणेकडच्या विभागांना २०१२ पर्यंत थांबावं लागलं. संशोधकांनी योजनेच्या हद्दीला लागून असलेली दोन्हीकडची गावं ताडून पाहिली. योजनेतल्या आजारांनी गरीब घरांत झालेले मृत्यू योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, बाहेरच्या गावांत ०.९० टक्के. दारिद्र्यरेषेवरच्या घरांत असा फरक आढळला नाही. म्हणजे हवापाण्याचा प्रश्न नव्हता.

अर्थात कार्डानं सगळं भागत नाही. बीदरला २००७ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, राज्यघटनेच्या ३७१-जे कलमानं स्थानिकांना जागाही राखून मिळतात. पण शिकलेला डॉक्टर औरादला राहील, अशी तजवीज कोणतं कलम करणार?

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्यावर कडाडून हरकत घेतली. योजनेचं आम्हाला कौतुकच आहे, पण तिचा पाया सीमावादाचा आहे. त्या ८६५ गावांच्या यादीबाहेरचा कन्नड शेतकरीही सोलापूरलाच जातो. आयुष्मान भारत देशभर चालावं, हे केंद्राचं धोरण आहे. तीच मोकळीक राज्यांच्या आपापल्या योजनांना का नसावी? दोन्ही सरकारांनी भाषा न विचारता एकमेकांची कार्डं चालवावीत. तंटा सर्वोच्च न्यायालयात चालूच राहील, त्याला कोणाची ना नाही.

तोवर एक करा. दिवाळीला हद्दीपलीकडचे पाहुणे येतील, तेव्हा त्यांचं कार्ड आपल्या गावाजवळच्या कोणत्या रुग्णालयात चालतं, ते आधीच विचारून ठेवा.