लेक वसतिगृहात निघाली?

मैत्रिणींनो, बारावीनंतर लेक शिकायला पुण्याला निघाली, की आपण लाडू-चिवड्याचे डबे भरतो. जरूर भरा, पण त्याआधी तिला कपडे धुणं, बटण लावणं, महिन्याचा हिशेब लिहिणं शिकवा. पोचवायला गेलात की तिच्या खाणावळीत एकवेळ स्वतः जेवून पाहा, जवळचा दवाखाना दाखवून ठेवा. खर्च झेपत नसेल, तर १९५५ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाची चौकशी करा.

पहिले काही दिवस ती फोनवर रडेल. लगेच "परत ये" म्हणू नका. "आज कोणाबरोबर जेवलीस?" एवढंच विचारा. एक मैत्रीण मिळाली, की परकं गाव आपलंसं होतं. मात्र तिची अन्नावरची वासनाच उडाली, झोप लागेना, तर मिळेल त्या एस.टी.नं तिच्याकडे जा. तेव्हा धीराच्या गोष्टी फोनवर सांगत बसू नका.