खंडेनवमीला झोके धुऊया

पाऊस उघडला की आपल्या कॉलनीतल्या बागेत जा आणि झोक्याच्या साखळीवरून बोट फिरवून बघा. बोटाला तांबूस भुकटी लागेल. घसरगुंडीच्या पायऱ्यांवर शेवाळ, सी-सॉच्या दांड्याखाली कोळ्यांची जाळी, वरच्या झाडावरच्या कावळ्या-साळुंक्यांची वाळलेली विष्ठा आणि घसरत आलेलं मूल जिथे थांबतं त्या खोलगट जागी चार महिन्यांचा गाळ. दिवाळीची सुट्टी लागली की याच साखळ्या आपली मुलं दोन्ही मुठींत घट्ट धरणार आणि त्याच हातांनी बागेबाहेरची भेळ खाणार.

नाशिकमध्ये अशा बागा शेकड्यांनी आहेत. गंगापूर रोडचं प्रमोद महाजन उद्यान किंवा शिवाजी उद्यान यांच्याकडे निदान लोकांचं लक्ष असतं. मला काळजी आहे ती सिडको, सातपूर कॉलनी, इंदिरानगर, पंचवटी, नाशिकरोड इथल्या लहान बागांची. बिल्डरने सोडलेली ओपन स्पेस, तिच्यात दोन झोके, एक घसरगुंडी, एक सी-सॉ. ज्या घरांना अंगण नाही, गच्चीला कुलूप आहे आणि दारासमोर गाड्या लागलेल्या आहेत, तिथल्या मुलांना संध्याकाळी जाण्यासारखी तेवढी एकच जागा असते. तिचं नाव कधी बातमीत येत नाही, म्हणून ती संपते तेव्हाही कुणाला कळत नाही.

ती कशी संपते ते पाहण्यासारखं आहे. लोखंडी पाइप जमिनीतल्या काँक्रीटमध्ये शिरतो त्या सांध्यावर पालापाचोळा आणि माती साठते. ती पाणी धरून ठेवते आणि गंज तिथूनच चढतो. वेल्डिंगच्या जोडावर रंगाचा पापुद्रा उडाला की तिथेही तेच. मुरमाची बारीक कच साखळीच्या कड्यांत अडकते आणि प्रत्येक झोक्याबरोबर कडी कडीला झिजवत राहते. गोल फिरणाऱ्या पाळण्याचं बेअरिंग धुळीने कोरडं पडतं, आधी करकरतं, मग अडतं. कुणीतरी तुटलेली कडी तारेने बांधतं. पुढच्या पावसात पाटी निखळते, उरलेली साखळी चौकटीला गुंडाळून ठेवली जाते आणि नुसती चौकट उभी राहते. मुलं येईनाशी झाली की जागा रिकामी दिसते. रिकाम्या जागेवर आधी दुचाक्या लागतात, मग बांधकामाची वाळू पडते. सिडकोतला पेलिकन पार्क आठवा. मुलांसाठी उभारलेला, खेळण्यांनी भरलेला तो बगीचा बंद पडला आणि वर्षानुवर्षे झाडाझुडपांत हरवून गेला. त्याची कारणं वेगळी आणि मोठी होती, पण एका पिढीचं बालपण त्या बंद फाटकाबाहेर गेलं हे तर खरंच.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. यंदा खंडेनवमीला आपण आपापल्या बागेतली खेळणी धुऊया.

खंडेनवमीच कशाला? कारण त्या दिवशी काय करायचं हे नाशिकला शिकवावं लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्या दिवशी यंत्रं पुसून लखलखीत होतात, झेंडूच्या माळा चढतात. मायको, महिंद्र, ओझरचं एचएएल आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान युनिट्स यांच्यावर वाढलेलं हे शहर आहे. फिटर, टर्नर, वेल्डर इथे गल्लोगल्ली राहतात, आणि निवृत्त झालेले काका तर रोज संध्याकाळी याच बागेच्या बाकावर बसलेले असतात. आवाज ऐकून बेअरिंग कुठे खातंय हे सांगणारे हे कान, हे हात. रिक्षावाला रिक्षा धुतो, शिंपी शिलाईयंत्राला तेल देतो, घरी विळी आणि सुरीसुद्धा धुऊन पाटावर येते. मुलांच्या कामाचं हत्यार म्हणजे झोका. त्याला त्या दिवशी पाणी, फडकं आणि एक फूल मिळायला हवं.

धुण्याचा मी इतका आग्रह धरतो त्याचं आणखी एक कारण आहे. हाताने धुतल्याशिवाय दोष सापडत नाही. ज्याने फडक्याने एकेक कडी पुसली, त्यालाच कोणती कडी झिजून निम्मी झाली आहे ते कळतं. घसरगुंडीच्या प्लास्टिकला गेलेली चीर, वर आलेला बोल्ट, हलणारा खांब हे रस्त्यावरून दिसत नाही.

काम अवघड नाही, पण काही गोष्टी सांभाळायच्या. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाणी आणि कोरडं फडकं एवढं पुरतं. नळी सोडून पाणी वाया घालवू नका. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. ॲसिड आणि ब्लीच लोखंडाला गंजवतात, त्यांना हात लावू नका. 2020 मध्ये बागा बंद होत्या त्या काळात औषध फवारण्याची सवय आपल्याला लागली, पण उघड्या जागी अशी फवारणी करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितलं होतं. मळावर पडलेलं क्लोरीन मळातच संपतं. पक्ष्यांची विष्ठा कोरडी खरवडू नका, आधी भिजवा. वाळूचा हौद असेल तर वाळू उपसून चाळा आणि रात्री वर ताडपत्री टाका, कारण कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतून जंतांची अंडी वाळूत जातात आणि मुलांच्या नखांतून पोटात.

जुना रंग मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय आहे हे नुसतं पाहून कळत नाही, आणि शिसं सर्वांत जास्त बाधतं ते लहान मुलांना. पापुद्रे सुटलेलं खेळणं ओल्या फडक्याने पुसा, तिथे मुलांना जाऊ देऊ नका आणि रंगकाम महापालिकेच्या उद्यान विभागाकडूनच करून घ्या.

गोदाकाठच्या बागांचं काम निराळं आणि जास्त निकडीचं आहे. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधले पूर आपण पाहिले. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आपण पूल गाठून पाहायला जातो. पाणी उतरल्यावर काठावर जो चिखल राहतो, त्यात सांडपाणीही असतं. तो वाळून धूळ होण्याआधी, हातमोजे आणि गमबूट घालून, मोठ्यांनीच काढायचा.

कुणी म्हणेल, हे महापालिकेचं काम आहे, आपण का करायचं? काम त्यांचंच आहे आणि ते त्यांच्याकडून घ्यायचंच आहे. पश्चिम, पूर्व, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड अशा सहाही विभागांत आपण लेखी मागू: प्रत्येक बागेत एक नळ, देखभालीच्या ठेक्यात झाडलोटीबरोबर खेळणी धुण्याचं आणि ग्रीसिंगचं वेगळं कलम, आणि शेवटची तपासणी कधी झाली त्या तारखेचा फलक. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट, पूल यांवर मोठा खर्च होतो आहे. या शहरात राहणाऱ्या मुलांच्या झोक्याचं बेअरिंग त्यात बसू शकतं. खेळ हा मुलाचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं 31 वं कलम सांगतं आणि भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला आहे. अर्जात हे जरूर लिहा. पण झोक्याची कडी अर्जाच्या उत्तरापर्यंत थांबत नाही, म्हणून फडकं आपल्या हातात हवं.

तेव्हा आजच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाका. खंडेनवमीला सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आत. मुलांना बरोबर आणा, त्यांना खालच्या पाट्या आणि सी-सॉ द्या, चढायचं काम मोठ्यांचं. ताई-माई, आजी-आजोबा, कुणीही मोकळं राहू नये. फिटर काकांना आदल्या दिवशीच घरी जाऊन बोलवा आणि ग्रीस व पान्यांचा सेट आणायला सांगा. सैल नट तिथेच आवळा. जे खेळणं धोक्याचं दिसेल ते दोरीने बांधून बंद करा, फोटो काढा आणि त्याच दिवशी उद्यान विभागाला तक्रार करून तिचा क्रमांक ग्रुपवर लिहा. दर रविवारी कोणत्या घराने फडकं मारायचं याची यादी ठरवल्याशिवाय बागेतून घरी जाऊ नका.