गोंदियाच्या पिनकोडाचे अंतरंग

गोंदिया शहराचा पिनकोड आहे ४४१६०१. पिनकोडाची ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर सुरू झाली. टपाल खात्याच्या दृष्टीने हे सहा अंक म्हणजे पत्त्याची खूण. पण अंक ओळीने लिहिले की संख्या तयार होतेच, आणि तिला स्वतःचे गुण असतात. हे गुण कोणते आणि आपण तिला चिकटवलेले कोणते, हे शाळेतच ओळखायला शिकावे असे माझे मत आहे.

कागद घ्या आणि या संख्येचे विभाजक शोधा. २ ने भाग जात नाही, ३ ने नाही, ५ ने नाही, ७ नेही नाही. अशा ओळीने ३१ मूळ संख्या हरतात. ही स्वतःच मूळ संख्या असणार, असे म्हणून पुष्कळ जण इथे पेन्सिल खाली ठेवतात! बत्तिसावी मूळ संख्या १३१. तिने मात्र निःशेष भाग जातो: १३१ × ३३७१ = ४४१६०१. ३३७१ ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः धरून विभाजक अवघे चार.

आता एकच पाऊल मागे या. ४४१६०० = २५६ × ३ × २५ × २३. २५६ म्हणजे २ चा आठवा घात, २५ म्हणजे ५ चा वर्ग. म्हणून विभाजक ९ × २ × ३ × २, म्हणजे १०८! घरे शेजारची, पण एकीकडे चार माणसे आणि दुसरीकडे जत्रा.

अंकज्योतिषी मात्र वेगळेच करतो. अंकांची बेरीज १६, पुन्हा बेरीज ७, म्हणून म्हणे अमुक शुभ. पण बोटे दहा म्हणून आपण दहा-दहाचे गट करतो. आठ-आठचे केले तर हीच संख्या १५३६४०१ अशी लिहावी लागेल आणि अंकांची बेरीज २० होईल. विभाजक तेव्हाही चारच.

मग अंकांची बेरीज करणे व्यर्थ का? मुळीच नाही. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिच्यातून सुंदर गणित काढले. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, की नवी संख्या जन्मते. ४४१५७५ च्या अंकांची बेरीज २६. ती मिळवली की आला आपला पिनकोड! तेव्हा ४४१५७५ हा त्याचा जनक. ज्या संख्येला जनकच नसतो, ती स्वयंभू. कापरेकरांचे म्हणणे कोणालाही पाटीवर पडताळता येते. अंकज्योतिषाचे येत नाही.

४४१५७५ चा जनक ४४१५५३. असेच मागे जात राहा. ४४१५१४ पाशी वाटेला फाटा फुटतो, कारण तिला दोन जनक आहेत. एक ४४१५००. दुसरा तुम्ही शोधा.