झुलेलालच्या प्रतिमेत जुलमी राजा का नाही?

१/ जरीपटका हे मराठी फौजेच्या जरतारी निशाणाचे नाव. उत्तर नागपुरातील याच नावाच्या वस्तीत फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे स्थिरावली. त्यांचे आराध्य झुलेलाल. त्याच्या प्रतिमेचा आज सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो.

२/ कथा अशी : दहाव्या शतकात थट्ट्याच्या मिर्खशहाने हिंदू प्रजेला धर्मांतर किंवा मृत्यू असा पेच घातला. प्रजेने सिंधुतीरी चाळीस दिवस वरुणाचा धावा केला आणि नसरपूरला उदेरोलाल, म्हणजेच झुलेलाल, जन्मला.

३/ आता प्रचलित प्रतिमा पाहा. शुभ्र दाढीचा वृद्ध, हाती ग्रंथ, कमळाचे आसन, खाली पल्ला मासा आणि वाहती सिंधू. छळ नाही, युद्ध नाही, मिर्खशहाही नाही.

४/ वेरूळ याउलट. १५व्या लेण्यात नरसिंहापुढे हिरण्यकशिपू कोरला आहे, १६व्यात कैलास हलवणारा रावण. तेथे सत्तेचा माज दगडातच दिसतो. झुलेलालच्या प्रतिमेने जुलमी गाळला, नदी राखली.

५/ यावरून कोणी म्हणतो, समाज दुःख विसरला. कोणी प्रतिमेला मिर्खशहाची गोष्ट चिकटवून ती आजच्या मुसलमान शेजाऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून फिरवतो. दोन्ही अर्थ चूक.

६/ कथेच्या काळात सिंधची सत्ता मन्सुऱ्याच्या हब्बारी अरब घराण्याकडे होती. थट्टा राजधानी म्हणून पुढे आले ते चौदाव्या शतकात, सम्मांच्या राजवटीत. म्हणजे ही बखर नव्हे, लोकस्मृती आहे. तिच्यातही मिर्खशहा अखेर शरण येतो. सिंधमधील उदेरोलाल येथे तर मंदिर आणि दर्गा एकाच आवारात आहेत. मुसलमान त्याच संताला शेख ताहिर म्हणतात.

७/ १९४७ साली अखंड सिंध पाकिस्तानात गेला. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि निर्वासितांचा ओघ वाढला. पुढे मुंबईत प्रा. राम पंजवाणी यांनी झुलेलालला विखुरलेल्या समाजाचे ऐक्यचिन्ह केले. नदी सोबत आणता येत नव्हती. नदीचा देव आणता आला.

८/ म्हणून या प्रतिमेतील वेदना जखमेत नाही, पाण्यात शोधावी. १९४७ चा दोष दहाव्या शतकातील राजावर टाकला, की ज्यांनी विसाव्या शतकात सीमा आखल्या आणि घरे लुटू दिली, ते सारे निर्दोष सुटतात. जुलमाची खरी आठवण ठेवायची, तर जुलमी नेमका ओळखावा लागतो.

(समाप्त)